गोठवलेली खाती

८ जानेवारी
सकाळी इम्राननं नकाशा दाखवला. टीममध्ये आकडे तो बघतो, कायदा मेघना, आणि दोघांच्या कामाची जबाबदारी माझी. वायदे बाजारावर नजर ठेवणारा सरकारी विभाग. श्रीरामपुरात अजून सगळ्यांना मी बँकेत आहे असंच वाटतं, मीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

एका कंपनीच्या शेअरचे ऑप्शन, म्हणजे पुढं ठरल्या भावानं तो घेण्या-विकण्याचा हक्क. एरवी तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि आता सौदेच सौदे, तेही ठराविक खात्यांमध्येच, भाव असे की हसू यावं. नफा झालेली खाती इम्राननं नकाशावर टाकली. सगळे ठिपके एका कोपऱ्यात. संगमनेर, अकोले, राजूर.
"मॅडम, हे तुमच्याकडचं ना?"
माझ्याकडचंच. कागदावर अहिल्यानगर, तोंडात अजून नगर.

१३ जाने.
विभागाच्या साहेबांना (आदेश त्यांच्याच सहीनं निघतात) लेखी कळवलं: मी त्या जिल्ह्यातली, आई श्रीरामपूरला राहते, यादीतल्या कुणाशी नातं नाही, ओळख नाही. साहेबांनी कागद फाइलला लावला. "लिहिलंत हे बरं केलंत. आता काम करा."
मेघनाचं म्हणणं, या खातेदारांना ऑप्शन शब्दाचं स्पेलिंगही येत नसणार. येत असेलही. आधीच ठरवायचं नाही.

२९ जाने.
आदेश निघाला. मसुदा माझा, सही साहेबांची. सगळ्या खातेदारांना शेअर बाजार बंद, चौकशी होईपर्यंत त्यांच्या बँक खात्यांतून पैसे काढणं बंद. नफा पळवला जाऊ नये म्हणून हे करावंच लागतं. यामागचा माणूसही हाती लागलाय असं दिसतं: संगमनेरात पुणे रोडला शेअर मार्केटचा क्लास चालवणारे दिघे सर. निम्म्या खात्यांना जोडलेले मोबाईल नंबर त्यांच्या क्लासच्या पत्त्यावर घेतलेले.
टीमनं पेढे आणले. इम्रान म्हणाला, राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत, तेच मागवायला हवे होते. सगळे हसलो.

७ फेब्रु.
मेघनाच्या टेबलावरचा फोन. बाईचा आवाज, मेघनाला अर्धं कळेना म्हणून तिनं माझ्याकडे दिला.
"आमचं खातं कोनी बंद केलं? ब्यांकवाला म्हनतो मुंबईहून झालं. दुधाचा पगार त्यातच येतो, बाई."
नाव विचारलं. चंद्रकला बांडे, राजूरच्या वरच्या अंगाची वाडी. यादीत आहे. शेअरचा नफा जमा झाला ते खातं आणि डेअरी दुधाचे पैसे टाकते ते खातं एकच.
मी म्हणाले, लेखी कळवा. ती म्हणाली, "कुनाला?"
पत्ता सांगितला, पिनकोडसकट. तिनं लिहून घेतला असेल असं वाटत नाही.

१२ फेब्रु.
साहेब म्हणतात, जबाब व्हिडिओवर घ्या. मी म्हटलं, तिकडे व्हिडिओवर कोण बोलणार, मागे कोण उभं आहे तेही दिसत नाही. शेवटी परवानगी मिळाली. संगमनेरचं सरकारी विश्रामगृह, आम्ही तिघं.

२० फेब्रु. संगमनेर
दिवसभर जबाब. मास्तर, टेम्पोवाला, डेअरीतला एक जण, बाकी शेतकरी बायका. सगळ्यांचं वाक्य एकच: "आम्ही स्वतः अभ्यास करून सौदे केले." 'करून'वर सगळ्यांचा जोरही सारखाच. इम्रान तिसऱ्या माणसापासून खाली मान घालून हसत होता. त्याला बाहेर पाठवलं.

चंद्रकलाबाई दुपारनंतर आल्या. माझ्याच वयाच्या असतील. हिरवी साडी, पदर घट्ट. तेच वाक्य. मी विचारलं, ऑप्शन म्हणजे काय?
"हक्क असतो, बंधन न्हाई," खाडकन उत्तर आलं. मग थोडं थांबून, "फोनवर तुमीच हुत्या ना? आवाज वळखला. मंग कधी सुटनार खातं?"
मेघना म्हणाली, आत्ता फक्त जबाबाचं बोला. बाई उठल्या, अंगठा नाही, सही केली. चांगली वळणदार सही.

२१ फेब्रु. संगमनेर
दिघे सर आले. सोबत वकील. मला वाटलं होतं कुणी तरी भडक माणूस असेल, गळ्यात चेन वगैरे. तसा नाही. साधा चौकडीचा शर्ट, मृदू बोलणं, गणिताच्या शिक्षकासारखा. आधी तो गणितच शिकवायचा म्हणे.
"मी लोकांना मार्केट शिकवलं मॅडम. आपल्या भागातला माणूस कायम ऊस आणि दूध. त्यांनी पुढं जाऊ नये का?"
जायला हवं, मी म्हटलं. पण मोबाईल नंबर तुमच्याकडे का?
"रेंज नसते तिकडं. सोय म्हणून."
निघताना दारात: "मॅडम श्रीरामपूरच्या, असं ऐकलं. आडनाव कोणतं म्हणालात?"
आडनाव समन्सवर ठळक छापलेलं आहे. तरी सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला. या 'अच्छा'ची मला लहानपणापासून सवय आहे. मेघनाला कळलं नाही, तिनं विचारलं, काय झालं? काही नाही.

२३ फेब्रु., रविवार. श्रीरामपूर
आईकडे. इम्रान-मेघना संगमनेरलाच. शेजारचे काका आलेच: "निफ्टी कुठं जाईल?" मला माहीत नाही म्हटलं की लोकांना वाटतं, मी लपवते.
आईला पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं. समज, बाजारात कुणी घेत नाही अशी एक वस्तू आहे. दोघांनी ठरवून ती एकमेकांना विकायची, आधी एका भावानं, लगेच उलट दुसऱ्या भावानं. एकाला तोटा, दुसऱ्याला नफा, दोन्ही आधीच ठरलेले. तोटा मोठ्या शहरातल्या पैसेवाल्याला हवा असतो, कागदावर तोटा दाखवला की कर वाचतो. नफा कुणाच्या तरी नावावर बसवायला लागतो. त्यासाठी ही वाडीवरची खाती. नफा जमा झाला की दिघे तो त्या पैसेवाल्याकडे परत फिरवतो, आपला हिस्सा ठेवून. खातेदाराला महिन्याचं भाडं.
आई भाकरी थापत ऐकत होती. "मग पकडा की त्याला."
पकडतोय.
"आणि त्या बाईचं दुधाचं?"
तेही त्यातच अडकलंय.
"तूच अडकवलं का?"
हो म्हटलं. आईनं वाढायला घेतलं. मेथीची पातळ भाजी, मला आवडते तशी.

२४ फेब्रु. राजूर
बाजाराचा दिवस. गर्दीतून गाडी काढायला वेळ गेला. वर वाडीवर पोचलो तर थंडी. ऊन होतं तरी इम्राननं मफलर सोडला नाही.
जबाबात राहिलेल्या दोन गोष्टी विचारायच्या म्हणून चंद्रकलाबाईंकडे. नवरा अंगणात बसलेला, पाय अधू. मुलगी संगमनेरला नर्सिंग शिकते, घरी नव्हती. दोन गाई. डेअरी रोख देत नाही, पैसे खात्यावरच. हा दुधाचा पगार दर दहा दिवसांनी; गेल्या दोन पगारांचं दूध घालून झालंय, हातात काही नाही, पेंडवाल्यानं आता उधार बंद केलं.

मेघना म्हणाली, तुम्हाला काही कळत नव्हतं, असं लिहायचं का? ते तुमच्या फायद्याचं आहे.
बाईंनी तिच्याकडे बघितलं. "कळत नव्हतं कसं? फुकट कोन देतं का? खातं वापराया देत्यात, भाडं देत्यात, म्हंजी कायतरी वाकडं हायच. पन कुनाचं काय जातंय, असं वाटलं."
मेघनाचं पेन थांबलं.
मी विचारलं, हे तुम्ही जबाबात सांगाल? दिघे सरांनी खातं चालवलं, असं?
नवरा म्हणाला, "न्हाई." बाईंनी सांगितलं: नवऱ्याला झाडावरून पडल्यावर नाशिकला दवाखान्यात नेलं ते दिघ्यांनी, त्यांच्या गाडीतून. मुलीचं ॲडमिशनही त्यांच्याच ओळखीनं.
"तुमी आज आल्या, उद्या जाल. ते हितंच हायेत."
नफा बाईंच्या नावावर असल्यामुळे आयकराची नोटीसही त्यांच्याच दारात येणार, हे दिघ्यांनी सांगितलंय का? विचारलं. नव्हतं सांगितलं. बाई उठून आत गेल्या. चहा घेऊन आल्या. कपबशी जरा आपटूनच ठेवली. रागानं की भीतीनं, कळलं नाही.
जबाब बदलला नाही.
परत येताना मेघना अकोल्याच्या पुढं म्हणाली, "मला वाटलं होतं, एक तर फसलेली असेल नाहीतर सामील."

२८ फेब्रु. मुंबई
टिपण दिलं: शेअरचे व्यवहार बंदच राहू देत, पण आदेशानंतर खात्यात आलेले दुधाचे, पेन्शनचे, पगाराचे पैसे काढू द्यावेत. त्यांचा या सौद्यांशी संबंध नाही.
साहेब: "एका बाईसाठी दार किलकिलं केलंत की त्यातूनच दिघ्याचा वकील आत येईल. मागणी त्यांची येऊ दे, अर्ज करू दे."
अर्ज आलाय. सगळ्यांच्या वतीनं एकच, दिघ्यांच्या वकिलाचा. पूर्ण वाचला. आदेशच रद्द करा, अशी मागणी आहे. दुधाच्या पैशाबद्दल त्यात एक ओळ नाही.
इम्रान: "चुकून राहिलं असेल?"
मेघना: "चुकून नाही. लोकांचे हाल सुरू राहिले तर त्याची केस मजबूत होते."
म्हणजे बाईंना स्वतःचा वेगळा अर्ज द्यावा लागेल. म्हणजे दिघ्यांच्या वकिलाला सोडावं लागेल. म्हणजे गावाला कळणार. मी फोन करून सांगू का, मेघनाला विचारलं. "मॅडम, आपण दुसरी बाजू आहोत. त्यांना सल्ला नाही देता येणार."
तिचं बरोबर आहे. त्याचाच राग आला. उगाच तिच्या मसुद्यातल्या स्वल्पविरामांवरून बोलले. चूक झाली, उद्या सांगते तिला.

५ मार्च
सुचलं ते असं: आमचा आदेश इंग्रजीत आहे. जाडजूड. त्यात शेवटच्या पानावर लिहिलंय की प्रत्येकाला स्वतंत्र म्हणणं मांडता येईल. ते वाडीवर कोण वाचणार? तर सगळ्याच खातेदारांना मराठीत एक पान पाठवायचं. सल्ला नाही, त्यांच्याच हक्काची माहिती. सगळ्यांना सारखी, दिघ्यांनाही.
भाषांतर विभागाकडून आलं: "उपरोल्लेखित अंतरिम एकतर्फी आदेशान्वये आपणांस विदित करण्यात येते की..." इम्रान म्हणाला, मॅडम, यापेक्षा इंग्रजी सोपं होतं.
मीच लिहिलं. मथळा: तुमचं खातं का बंद आहे आणि तुम्ही काय मागू शकता. वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत लिहिलेलं चालेल. साहेबांनी एक ओळ खोडली ("काही अडचण आल्यास फोन करावा") आणि बाकी जाऊ दिलं. मेघनाला सॉरी म्हटलं. "कशाबद्दल?" म्हणाली. विसरली होती, किंवा तसं दाखवलं.

१२ मार्च
तिकडच्या एका पेपरात बातमी: मुंबईच्या अधिकाऱ्यांनी गरिबांचं दूध अडवलं. दिघ्यांचा फोटो, चार बायका मागे उभ्या. चंद्रकलाबाई त्यात नाहीत. मोठं करून पाहिलं.
दूध मी अडवलं, हे खोटं नाही. पूर्ण खरंही नाही. साहेबांनी कात्रण वाचून परत दिलं. "उत्तर द्यायचं नाही."

२१ मार्च
तीन अर्ज आले. साध्या कागदावर, एक तर वहीच्या पानावर. निवृत्त मास्तरांची पेन्शन, टेम्पोवाल्याचे गाडीचे हप्ते, एका बाईंचं दूध. पण ती बाई दुसरी, कोतूळकडची. साहेबांनी तिघांचेही मंजूर केले, एवढ्या लगेच करतील असं वाटलं नव्हतं.
राजूरहून काही नाही.
इम्राननं संध्याकाळी आणखी एक नकाशा आणला. तसेच सौदे, दुसऱ्या शेअरमध्ये, ठिपके आता दुसऱ्या राज्यात. फाइल उघडली. कामाला लागलो.

२ एप्रिल
आईचा फोन. कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो फिरतोय, आडनाव आणि जातीसकट. "या लोकांना आपली प्रगती बघवत नाही" असं काहीतरी. आईनं वाचून दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.
"तू घाबरली का?" मी विचारलं.
"मी कशाला घाबरू? मी काका लोकांना सांगितलं, माझी पोर बँकेत नाही म्हणून."
पहिल्यांदाच हसू आलं आज.
ऑफिसला लेखी कळवलं. साहेबांनी विचारलं, केस दुसऱ्याकडे देऊ का? काळजीनंच विचारलं. नको म्हटलं.

११ एप्रिल
साहेबांसमोर सुनावणी. व्हिडिओवर. आम्ही तहसीलमध्ये घ्या म्हटलं होतं, पण वकिलानं सोय म्हणून क्लासची जागा दिली आणि ते मान्य झालं. मी विरोध नोंदवला आहे.
पडद्यावर दिघ्यांचा क्लास. मागे फळा, त्यावर अर्धवट पुसलेला आलेख. सगळे खातेदार बाकांवर, शाळेसारखे. दिघे कडेला उभे. चंद्रकलाबाई दुसऱ्या ओळीत. हिरवी साडी नव्हती.
वकिलाचं भाषण झालं. मी आमची बाजू सांगितली: सौदे, नंबर, पैसा कुठून कुठं गेला. मग साहेबांनी, खरं तर सहज, विचारलं: "कुणाला स्वतःहून काही सांगायचंय?"
वकील म्हणाला, सर्वांच्या वतीनं मीच...
तेवढ्यात बाई उठल्या. शेजारच्या बाईनं पदर धरला होता तो सोडवून पुढं आल्या. अगदी कॅमेऱ्याजवळ, एवढ्या की फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. बोलायला लागल्या. आवाज नाही. साहेब म्हणाले, म्यूट आहे, अनम्यूट करा. बाईंना काय कळणार, त्या बोलतच राहिल्या. हात वर केला, एकदा मागे दाखवला, एकदा सरळ पडद्यात, म्हणजे माझ्याकडे की साहेबांकडे. बराच वेळ बोलल्या. आम्ही सगळे ओरडतोय, आवाज येत नाही, आवाज येत नाही.
मग चित्रही गेलं.
पुन्हा जोडलं तेव्हा बाई जागेवर बसलेल्या. वकील म्हणाला, तांत्रिक अडचण होती, त्यांना काही म्हणायचं नाही. साहेबांनी थेट बाईंना विचारलं. त्यांनी मान खाली घातलेली. दिघे बाकाच्या अगदी मागे उभे.
साहेबांनी नोंद केली: आवाज मिळाला नाही. आदेश राखून ठेवला नाही, पुढची तारीख देतो म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

१४ एप्रिल. श्रीरामपूर
जयंती. सकाळी आईबरोबर विहारात, मग मिरवणूक. पांढरी साडी नेसले, आईनं निऱ्या नीट करून दिल्या. निळे झेंडे, डीजे, कानठळ्या. ग्रुपवरचा फोटो पाहिलेले बरेच जण भेटले. एका मावशीनं फक्त हात दाबला. शेजारचे काका: "बँकेत नाही तर मग नेमकी असते कुठं?" सांगितलं. त्यांना पटलं नाही.
डोक्यातून ते कपाळ आणि डोळे जात नाहीत.

१५ एप्रिल. मुंबई
दुपारी मेघनाच्या टेबलावरचा फोन. तिनं सरळ माझ्या हातात दिला.
"बाई, मी चंद्रकला. मुलीच्या हास्टेलवरून बोलते." मागे बसचा हॉर्न. "त्या दिशी मी बोलले ते तुमाला ऐकू आलं का?"
नाही, म्हटलं. काहीच ऐकू आलं नाही.
"काहीच न्हाई?"
नाही.
"एवढं बोलले की मी."
मग लगेच: "वाडीवर समदे इचारतात काय बोलली. तिथं बसलेल्यांनी ऐकलं, अन् तुमी न्हाई. आता सांगू का?"
मला ऐकायचं होतं. किती ऐकायचं होतं! दिघ्यांविरुद्ध बोलल्या की माझ्याविरुद्ध, की दोघांच्या. पण मेघना समोर उभी होती, आणि ती नसती तरी... मी म्हणाले, फोनवर नका सांगू, मला एकटीला ऐकता येणार नाही, साहेबांसमोर सांगावं लागेल. नाहीतर त्याचा उपयोग होणार नाही.
बाईंनी मोठा श्वास सोडला. चिडल्या असाव्यात. मला वाटलं, ठेवणार आता.
"मंग पुन्यांदा बोलावं लागंल," त्या म्हणाल्या. "पन त्यांच्या क्लासात न्हाई येनार. दुसरीकडं कुठं यायचं ते कागदावर कळवा. माझ्या नावानं कळवा."
कॉलची नोंद फाइलवर केली. साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी डायरी उघडली, अकोल्याच्या तहसील कचेरीत खोली मिळेल का ते विचारायला सांगितलं.
मिळाली. पुढचा मंगळवार. पत्र मी मराठीत लिहिलं, पाकिटावर फक्त चंद्रकलाबाईंचं नाव. मेघना स्वतः पोस्टात टाकून आली.